चौऱ्याऐंशी की एक्याऐंशी?

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीची कन्या अमेरिकेहून बडोद्यास आली, तेव्हा तिच्या सामानात पिवळ्या पुठ्ठ्याची एक लहानशी वही होती. पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची. तीवर शाई चालत नाही, शिसपेन्सिलीनेच लिहावे लागते. सोळा वर्षांच्या मुलीच्या वहीत जे असावे असे आपल्याला वाटते, त्यांपैकी तीत काहीच नव्हते. होते ते आकड्यांचे रकाने : वेळ, भरतीरेषेपासूनचे अंतर, पाठीची लांबी, पाठीची रुंदी, अंड्यांची संख्या. आणि एका पानावर दोन आकडे शेजारीशेजारी लिहून त्यांभोवती वर्तुळ काढलेले : ८४ आणि ८१.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपुढे, आणि हल्ली इकडच्याही काही पालकांपुढे, मुलांना विज्ञानाच्या अभ्यासासाठी उष्ण कटिबंधातील एखाद्या दूरच्या देशी पाठवावे की नाही असा प्रश्न येऊ लागला आहे. म्हणून त्या दोन आकड्यांची हकीकत येथे सांगतो.

प्रारंभी असे झाले की शाळेतून एक पत्रक आले. सुट्टीत दहा दिवस मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशी जाऊन समुद्रकासवांच्या संशोधनात प्रत्यक्ष हातभार लावावयाचा. खर्च आपल्या रुपयांत काही लाखांचा. भाची आणि तिचे यजमान पेचात पडले. नव्या मोटारीसाठी बाजूला काढलेली रक्कम त्यात जाणार होती. बडोद्यास माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे मुलीच्या आजीला, हे कळले तेव्हा ती म्हणाली, “कासवे काय विश्वामित्रीत नाहीत? परक्या मुलखात रात्रीबेरात्री समुद्रावर पोरीने हिंडायचे, आणि वर त्याचे पैसेही आपणच भरायचे!” मी एकतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकविले, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. खरे सांगावयाचे तर मीही मनापासून होय म्हटले नाही. सहलीला विज्ञानाचे लेबल लावून विकण्याचा हा नवा धंदा असावा, असा माझा संशय होता. शेवटी मुलीने आपल्या आईला एवढेच सांगितले की मोटार पुढच्याही वर्षी मिळेल. आणि ती गेली.

कोस्टा रिका हा देश आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे एक-षष्ठांश. १९४८ साली या देशाने आपले सैन्य विसर्जित केले. आज तेथील पाव भागाहून अधिक जमीन संरक्षित वनांखाली आहे. दोन महासागर आणि दोन खंडांना जोडणारी चिंचोळी भूमी यांमुळे जीवजातींची तेथे जी रेलचेल आहे, तिचा अभ्यास करावयास जगभरचे शास्त्रज्ञ गेली सात दशके येत आहेत. ला सेल्व्हा येथील संशोधनकेंद्राचा पाया १९५४ साली घातला गेला. उष्ण कटिबंधाचे आजचे कितीतरी नामांकित जीवशास्त्रज्ञ विद्यार्थिदशेत तेथील चिखल तुडवूनच पुढे आलेले आहेत.

आमच्या मुलीचा मुक्काम होता कॅरिबियन किनाऱ्यावर. तेथे वसंतापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत चर्मपाठी कासवाच्या माद्या अंडी घालण्यासाठी वर येतात. कासवांत हे सर्वांत मोठे. पाठीवर आपल्या ओळखीचे कठीण खवले नाहीत. चामड्यासारखी काळी त्वचा आणि तीवर लांबट सात कण्या. मादीचे वजन तीनशे किलोंच्या पुढे सहज जाते. कॅनडाजवळच्या थंड पाण्यात जेलिफिश खात फिरणारी ही मादी दोन-तीन वर्षांनी उष्ण कटिबंधातील किनाऱ्याकडे परतते, आणि एका हंगामात नऊ-दहा दिवसांच्या अंतराने अनेकदा अंडी घालते.

रात्री आठनंतर चारचार तासांची गस्त. पांढरा दिवा लावावयाचा नाही, कारण त्या प्रकाशाने कासव बिचकते. लाल काचेची विजेरी, तीही केवळ मार्गदर्शकाच्या हाती. मुले काळे कपडे घालून एकामागून एक वाळूतून चालतात. पहिल्या दोन रात्री या मुलीला काहीच दिसले नाही. पाऊस, डास, आणि लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले ओंडके; अंधारात प्रत्येक ओंडका कासवासारखा भासे. “मामाआजोबा, दुसऱ्या रात्री मी रडले,” ती म्हणाली. “आईची मोटार मी ओंडके बघण्यात घालवली असे वाटले.”

तिसऱ्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारास वाळूवर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा रुंद माग दिसला. मादी वर आली होती. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा खणत होती; एक वल्हे वाळू उचलून बाहेर टाकी, मग दुसरे, आणि आपण काय करतो आहोत हे तिला मागे वळून पाहता येत नसतानाही खड्डा हातभर खोल आणि सरळ होत गेला. अंडी पडू लागली की मादी जणू समाधीत जाते. आसपासच्या हालचालींची ती फारशी दखल घेत नाही. मोजमापे घेण्याची हीच वेळ. पाठीवरून लवचिक फीत टाकून लांबी घ्यावयाची, आणि एकदा नव्हे तर तीनदा, कारण तीन वेळा तीन आकडे येतात. मागील वल्ह्यावरचा धातूचा बिल्ला वाचावयाचा; बिल्ला नसेल तर शास्त्रज्ञ तो बसवितात. मादीच्या डोळ्यांतून त्या वेळी पाणी वाहते. ते दुःखाचे नव्हे; शरीरातील जादा मीठ त्या ग्रंथी बाहेर टाकीत असतात. मुलीला हे ठाऊक होते. तरी तिच्याने त्या डोळ्यांकडे फार वेळ पाहवले नाही, असे ती म्हणाली, आणि मी त्यावर भाष्य केले नाही.

ते घरटे भरतीरेषेच्या फार जवळ होते. राहिले असते तर वाहून गेले असते. म्हणून अंडी पिशवीत झेलून राखीव कुंपणातील दुसऱ्या खड्ड्यात न्यावयाची होती. चर्मपाठी कासव एका वेळी ऐंशीच्या आसपास सकस अंडी घालते, आणि वर काही लहान, बलक नसलेली. आमच्या मुलीकडे सकस अंडी मोजण्याचे काम आले. प्रत्येक अंड्याला बोटाने कळ दाबावयाची. तिच्या यंत्रावर ८४ आले. नव्या खड्ड्यात अंडी ठेवताना तिच्या सोबतीणीने पुन्हा मोजली, ती ८१ भरली.

पहाटेचे अडीच वाजलेले, हात वाळूने माखलेले. मुलीने सुचविले की ८२ लिहावे, म्हणजे दोघींचेही राहील. तेथील संशोधक तरुणी, जी त्याच देशातील, जवळच्याच गावची, तिने मान हलविली. दोन्ही आकडे लिही, म्हणाली, आणि जुळत नाहीत असेही लिही. ८२ अंडी कोणीच मोजलेली नाहीत.

हे ऐकताना मला माझ्या शाळेची प्रयोगशाळा आठवली, आणि आठवण सुखाची नव्हती. वर्षाअखेरीस ‘जर्नल’ पुरे करून घेण्याची आमची घाई असे. एक उपकरण, चाळीस मुले. ज्यांचा प्रयोग फसला किंवा झालाच नाही, ती गतवर्षीच्या मुलांच्या जर्नलांतून निरीक्षणे उतरवून घेत. मला ते दिसत असे. आकडे अपेक्षेप्रमाणे आले आहेत ना, एवढे पाहून मी सही करी. एकतीस वर्षांत किती ‘८२’ मी लाल शाईने मान्य केले असतील याचा हिशोब आता लागणार नाही.

आणि अशा आकड्यांवर पुढे काय अवलंबून असते? याच देशाच्या दुसऱ्या, प्रशांत महासागराकडील, बाजूस प्लाया ग्रांदे नावाचा किनारा आहे. चर्मपाठी कासवाला तेथे ‘बाउला’ म्हणतात. १९८८-८९च्या हंगामात तेथे १,३६७ माद्या येऊन गेल्या, १९९८-९९मध्ये ११७. जेम्स स्पोटिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा प्रशांत महासागरातील हे कासव नामशेष होण्याच्या वाटेवर आहे हे जगाला प्रथम इतक्या स्पष्टपणे कळले. कारणे दोन : किनाऱ्यावर वर्षानुवर्षे झालेली अंड्यांची लूट, आणि खोल समुद्रातील मासेमारीच्या जाळ्या-गळांत अडकून होणारे मृत्यू. पण कारणे शोधण्याआधी कोणीतरी हंगामामागून हंगाम रात्रभर चालून माद्या मोजल्या होत्या. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘अर्थवॉच’ या संस्थेने तेथे आणलेल्या, स्वतःचा खर्च स्वतः सोसणाऱ्या हौशी माणसांचाही त्या मोजणीत वाटा होता.

मोजणीबरोबर तापमानही नोंदवावे लागते. कासवाचे पिलू नर की मादी हे वाळूची ऊब ठरविते : सुमारे साडेएकोणतीस अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. पृथ्वी तापत असताना या एका अंशाला काय महत्त्व आहे, ते सांगावयास नको.

तेव्हा माझा पहिला संशय फिटला. काम खरे आहे. दुसरा मात्र पुरता फिटलेला नाही. ज्यांच्या दारी ही वने आणि हे किनारे आहेत, त्यांच्या मुलांचे काय? परदेशीच्या सधन मुलाने विमानाने येऊन अंडी मोजावी, आणि किनाऱ्यावरच्या गावातील मुलाने ती चोरून विकावी, हे चित्र काही फारसे शोभणारे नाही. याचे उत्तर त्याच देशात थोडेफार सापडते. वायव्येकडील ग्वानाकास्ते प्रांतात डॅनियल जान्झेन व विनी हॉलवाक्स या दांपत्याने उजाड कुरणांवर पुन्हा शुष्क वन उभे करण्याचे काम हाती घेतले. तेथे १९८०च्या दशकापासून आसपासच्या गावांतील प्राथमिक शाळांची मुले वर्गाऐवजी रानात व किनाऱ्यावर नेऊन शिकविली जातात. निवडक हुशार मुले नव्हेत, सगळी. १९८९पासून तेथे खेड्यांतील स्त्री-पुरुषांना, ज्यांच्यापाशी महाविद्यालयाची पदवी नव्हती अशांना, कीटक गोळा करून त्यांची प्राथमिक ओळख पटविण्याचे शिक्षण दिले गेले. जान्झेनांच्या सुरवंटांच्या प्रचंड सूचीचा भार पुढे या माणसांनीच वाहिला. कासवांच्या किनाऱ्यांवरही पूर्वी अंडी चोरणारे काहीजण आज वाटाडे आहेत. आमच्या मुलीला अंधारात ओंडका आणि कासव यांतला भेद शिकविणारा पन्नाशीचा गृहस्थ त्यांपैकीच एक होता. त्याने ते लपविले नाही. वीस पावलांवरून वासाने घरटे ओळखावयास चोरी करतानाच शिकलो, म्हणाला.

म्हणून असे पत्रक ज्या घरी येईल त्यांना माझे सांगणे, की छायाचित्रे पाहून भुलू नये. हे संशोधन मुले येण्यापूर्वी किती वर्षे चालू होते आणि ती गेल्यावर कोण चालविणार, ते आधी विचारावे. मुलांनी घेतलेल्या नोंदी कोठे जातात, कोण तपासतो, त्यांतून आजवर काय प्रसिद्ध झाले, हेही. त्याच किनाऱ्यावर त्याच देशातील शाळकरी मुलांना प्रवेश आहे का, आणि त्यांच्याकडूनही हाच पैसा घेतात का? प्राण्याला हात लावून छायाचित्र काढण्याची मोकळीक जेथे जाहिरातीत दिलेली असते, तेथे तर मुलांना पाठवूच नये. उत्तरे टाळली गेली, तर मोटार घेतलेली बरी.

ज्यांना एवढा खर्च झेपणारा नाही, त्यांनी फार खंत करू नये. आपल्या गोव्यात गालजीबाग, आगोंद, मोरजी येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात, आणि वनखात्याची माणसे ती राखतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली ग्रामस्थांना सोबत घेऊन संरक्षणाचे काम आरंभिले. चेन्नईत तर १९८८पासून विद्यार्थ्यांनीच उभारलेली संघटना हंगामभर रात्री किनारा चालते. चर्मपाठी कासव मात्र आपल्याकडे पाहावयाचे तर मुख्यतः अंदमान-निकोबार.

मुलीला मी विचारले, की मग शेवटी अंडी किती होती? ती म्हणाली, पिले बाहेर पडल्यावर घरटे उकरून टरफले मोजतात. पण टरफले फाटलेली असतात, त्यामुळे तेथेही दोन-चारांचा फरक पडतोच. तोवर ती घरी परतली होती. तिच्या वहीत अजून दोन्ही आकडे आहेत.

बहीण हे सारे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारले, की गालजीबागला जावयाचे तर मडगावला उतरायचे की काणकोणला. मी काणकोण सांगितले. मग म्हणाली, “तिकिटे तीन काढ. आणि ती लाल काचेची विजेरी कुठे मिळते, तेही बघून ठेव.”