अडखळणारा खेळ आणि कारणाचा शोध

संगणकावरील खेळ मध्येच अडखळतो, ही तक्रार हल्ली पुष्कळ घरांतून ऐकू येते. पालकांस ती क्षुल्लक वाटते. मुलांस ती फार मोठी वाटते. मुले म्हणतात, “नवा संगणक घ्या.” वडील म्हणतात, “खेळच बंद करा.” या दोन उत्तरांत वरकरणी कितीही विरोध दिसला, तरी एका गोष्टीत दोघांचे पूर्ण ऐक्य आहे : दोषाचे कारण शोधण्याचे श्रम कोणासच नकोत. आमचे मत असे आहे की, कारण सिद्ध झाल्यावाचून मुलांनी पैसा मागू नये व पालकांनी तो देऊ नये. आणि चौकशी केल्यावाचून पालकांनी तक्रारीचा उपहासही करू नये.

उदाहरणादाखल आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांस परिचित असलेला माईनक्राफ्ट हा खेळ घेऊ. स्वीडनमधील मोजांग कंपनीने तो २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. अनेकांनी मिळून तो खेळताना तीन ठिकाणी बिघाड संभवतो : आपला संगणक, मधली इंटरनेटची वाट, आणि सर्वांच्या खेळाचा हिशेब ठेवणारा दूरचा सर्व्हर. या तिन्ही बिघाडांस मुले सरसकट ‘लॅग’ हे एकच नाव देतात. प्रत्येक तापास एकच काढा देणाऱ्या वैद्यासारखेच हे झाले.

वस्तुतः लक्षणे निरनिराळी असतात. नुसते इकडे-तिकडे पाहतानाही समोरचे दृश्य झटके खात असेल, तर दोष बहुधा आपल्या संगणकाचा होय. दृश्य सुरळीत फिरते, परंतु फोडलेला ठोकळा क्षणभराने पुन्हा जागेवर दिसतो, असे होत असेल, तर एक तर वाट खराब आहे, नाही तर सर्व्हर मागे पडला आहे. हा सर्व्हर सेकंदास २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी, हिशेब करतो. त्यास काम झेपेनासे झाले की सर्वच खेळाडूंस एकदम त्रास होतो. म्हणून प्रथम सोबत्यांस विचारावे. मग तोच खेळ इंटरनेट बंद करून एकट्याने खेळून पाहावा. तेव्हाही दृश्य अडखळले, तर इंटरनेटवाल्यांशी भांडणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी !

दोष संगणकात आहे असे ठरले, तरी लगेच नव्या यंत्राकडे धाव घेण्याचे कारण नाही. सेकंदास ६० चित्रे उमटणे म्हणजे प्रत्येक चित्रास सुमारे १७ मिलिसेकंद लागणे. परंतु अर्ध्या सेकंदात ५० चित्रे भराभर उमटली आणि उरलेला अर्धा सेकंद पडदा थिजून राहिला, तर आकडा ५० असा चांगलाच दिसतो. डोळ्यास मात्र ठेच लागते. सरासरी पुष्कळदा सत्य झाकते, हा अंकगणिताचा धडा येथे प्रत्यक्ष शिकावयास मिळतो. खेळात किती दूरवरचे दिसावे याची मर्यादा १६ असता सभोवार १,०८९ तुकड्यांचे जग सांभाळावे लागते. ती ८ केली की २८९ तुकडेच उरतात. मर्यादा निम्मी, पण काम जवळजवळ चौथाई ! पहिली दहा-पंधरा मिनिटे खेळ सुरळीत चालून मग अडखळू लागला, तर उष्णतेचा संशय घ्यावा. लॅपटॉप गादीवर ठेवल्याने हवेची वाट बुजते, पंख्यात धूळ साचते, आणि यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करते. हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

आता वाटेचा विचार करू. १९८३ साली माइक मूस या अमेरिकन गृहस्थाने ‘पिंग’ नावाचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. निरोप जाऊन परत येण्यास किती मिलिसेकंद लागतात, ते तो सांगतो. घरात इतर कोणी इंटरनेट वापरीत नसताना हा आकडा पाहावा. मग कोणी मोठी चित्रफीत पाठवीत असताना पुन्हा पाहावा. दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट निघाला, तर राउटरपाशी निरोपांची रांग लागली आहे असे समजावे. अशा वेळी ताईने आपली चित्रफीत रात्री पाठवावी आणि धाकट्याने आपला खेळ संध्याकाळी उरकावा, एवढ्या समजुतीने काम भागते. वाय-फायऐवजी तार जोडून पाहणे हीही एक चांगली कसोटी आहे.

या सर्वांत एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम वहीत लिहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि खेळ सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही. आमच्या प्रयोगशाळेत हाच नियम शिकविला जातो; तो शाळेच्या फाटकाबाहेर विसरावयाचा नसतो.

कोणी म्हणेल, खेळासाठी एवढा खटाटोप कशाला ? आमचे उत्तर असे की, हा खटाटोप खेळासाठी नसून सत्यासाठी आहे. हरल्यावर ‘लॅग’चे निमित्त पुढे करणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. ही सवय एकदा जडली की नापास झाल्यावर प्रश्नपत्रिकेस आणि पुढे धंदा बुडाल्यावर भागीदारास दोष देणे सहज साधते. उलट, आपल्या यंत्राचा दोष आहे की दुसऱ्याचा, हे प्रामाणिकपणे तपासणारा मुलगा वा मुलगी माणसांविषयीही घाईने निकाल देणार नाही.

सर्व तपास करूनही यंत्र खरोखरच अपुरे आहे, असे निष्पन्न होऊ शकते. तेव्हा मुलांनी ती वही वडिलांपुढे ठेवावी. नव्या संगणकाची किंमत कित्येक घरांत महिन्या-दोन महिन्यांच्या मिळकतीएवढी असते. इतका पैसा मागणाऱ्याने पुरावाही द्यावयास हवा. आणि पालकांनी ती वही नीट वाचावी, शंका विचाराव्या, मगच होय किंवा नाही म्हणावे. झेपत नसेल, तर तसे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. ईश्वराने दिलेली विवेकबुद्धी दोघांनीही वापरली, तर नकारसुद्धा घरात कडूपणा आणणार नाही, असा आमचा विश्वास आहे.