घाटाचा राजा कुठं हरवला?

राजेहो, आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. १९ ते २३ तारखेपर्यंत, ४३७ किलोमीटर. देशोदेशीचे व्यावसायिक सायकलपटू आपल्या घाटांत येऊन गेले. चांगलंच झालं. मी मोबाईलवर जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. ड्रोनमधून दिसणारे डोंगर पाहिले, गुळगुळीत रस्ते पाहिले, रंगीबेरंगी जर्सी पाहिल्या. शेवटच्या दिवशी स्वतःलाच विचारलं, एका तरी खेळाडूचा चेहरा आठवतो का? नाही आठवला. माझंही लक्ष कमी पडलं असेल. पण सगळा दोष माझ्या डोळ्यांचा नाही.

तुम्ही म्हणाल, रोहिणखेडच्या माणसाला सायकल रेसचं काय पडलंय? पडलंय. लहानपणी गावात सात दिवस सायकल चालवणारा यायचा. बाजाराच्या मोकळ्या जागेत गोल रिंगण, वर बल्ब, भोंग्यावर गाणी. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. सातव्या दिवशी उतरला की त्याचे पाय लटपटायचे, दोघं जण धरायचे, आणि तो हसतोय की रडतोय ते कळायचं नाही. नियम नाही, पदक नाही. पण आख्खं गाव रात्री झोपायच्या आधी एक चक्कर मारून यायचं, 'टिकला का अजून?' म्हणून. सायकल तीच रिंगणात फिरत होती. लोक यायचे ते माणूस बघायला.

व्यावसायिक रेसिंगमधून आता नेमका तोच माणूस बाजूला होतोय. कानात रेडिओ, मागच्या गाडीतून मॅनेजर सांगतो, आता सुट, आता थांब. हँडलवर छोटं यंत्र, पायाचा जोर किती ते वॅटमध्ये दाखवतं. चढावर खेळाडू समोरच्याकडं कमी आणि आकड्याकडं जास्त बघतो. डोळ्यांवर तोंडभर चष्मा. रेस संपली की माईकसमोर पाठ केलेलं वाक्य : संघाने छान काम केलं, उद्याचं उद्या बघू. जिंकणाराही तेच म्हणतो, हरणाराही तेच.

१९८९ ची टूर द फ्रान्स इंटरनेटवर शोधून बघा. तेव्हा आपण दर रविवारी दूरदर्शनवर 'महाभारत' बघत होतो, तिकडं वेगळंच महाभारत चाललं होतं. तीन आठवडे आणि तीन हजारांवर किलोमीटर झाल्यावर फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढं होता. शेवटचा टप्पा फक्त साडेचोवीस किलोमीटरचा. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने तिथं सगळं फिरवलं आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. फिन्यों रेषा ओलांडून रस्त्यावरच कोसळला. डोक्यावर हेल्मेट नाही, चष्मा साधा, केसांची शेंडी. त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते समजायला फ्रेंच यावं लागत नाही.

आता कोणी म्हणेल, 'भाऊ, जुनं ते सोनं चालू केलं का?' नाही. हेल्मेट हवंच. २००३ मध्ये एका खेळाडूचा जीव गेल्यावर ते सक्तीचं झालं, बरोबर झालं. आणि जुन्या काळातलं सगळं सोनं नव्हतंच. डोक्याला रुमाल बांधून डोंगर चढणारा मार्को पांतानी लाखोंचा लाडका होता. १९९९ मध्ये रक्तचाचणीनंतर त्याला इटलीच्या रेसमधून घरी पाठवलं, २००४ मध्ये तो हॉटेलच्या खोलीत एकटा मेला. लान्स आर्मस्ट्राँगच्या कहाणीवर जग रडलं, आणि २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली. भावना दिसली म्हणजे माणूस खरा, असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की खेळ माणसाच्या हातात ठेवला तर आजही माणूस दिसतो. ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये कानात रेडिओ नसतो. टोकियोत २०२१ मध्ये ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर सुरुवातीलाच सुटली. गणितातली डॉक्टरेट, कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नाही. मागच्या बलाढ्य संघांना ती पुढं आहे हेच लक्षात राहिलं नाही. ती जिंकून रस्त्यावर आडवी झाली. मागून नेदरलँड्सची आनेमीक व्हान व्ह्लूटन आली, आपणच जिंकलो समजून तिने हात वर केले. मग कळलं. एकाच रेषेवर दोन माणसं अशी उघडी पडली. ती रेस मी विसरू शकत नाही.

आपल्याकडं मुंबई-पुणे सायकल रेसमध्ये बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. किती वॅट काढले ते कोणी विचारलं नाही. घाटातल्या वळणावर उभ्या माणसाला घामाघूम राजा दिसायचा, बस्स.

आता स्वतःची चूक सांगतो, नाहीतर ही पोस्ट ढोंग ठरेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय सायकल स्पर्धेची बातमी मी केली होती. पहिल्या तीन परिच्छेदांत प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, आभार प्रदर्शन. विजेता शेवटच्या ओळीत. फोटो हिरव्या झेंडीचा. शेवटच्या वळणावर एका पोराची चेन पडली होती. घरच्या जुन्या सायकलवर आला होता. काळ्या हातांनी चेन बसवत होता आणि त्याच हातांनी डोळे पुसत होता. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी फोटो काढला नाही, कारण स्टेजवर सत्कार सुरू व्हायचा होता. त्या पोराचं नाव मी विचारलंच नाही.

म्हणून आयोजकांना सांगणं आहे. पाहुण्यांची भाषणं कमी करा. रेसच्या आधी प्रत्येक खेळाडू कोण, कुठला, घरी काय करतात, ते लोकांना सांगा. शेवटी येणाऱ्यालाही माईक द्या. निदान आपल्या जिल्हा-तालुक्याच्या स्पर्धांत तरी कानातला रेडिओ येऊ देऊ नका. प्रशिक्षकांनो, पोरांना चढ शिकवा, पाठ केलेली वाक्यं नका शिकवू. आणि पत्रकार मित्रांनो, प्रेसनोट चिकटवणं थांबवा. माझ्यापासून सुरुवात.

राजूर घाटात सकाळी सायकल दामटत चढणारी पोरं मला कधीमधी दिसतात. लोक आकड्याच्या मागं येत नाहीत, चेहऱ्याच्या मागं येतात. लोक आले नाहीत तर या पोरांच्या मागं कोणी उभं राहणार नाही. पुढच्या वेळी गाडी थांबवून मी आधी त्यांचं नाव विचारणार आहे. तुम्हीही विचारा.