बदनामी फोटोने होत नाही

मागच्या आठवड्यात मी इथे दोन फोटो टाकले होते. त्यातला एक काढून टाकला, एक ठेवलाय. दोन्ही काढा म्हणून फोन आले. एक काढल्यावर 'काय पत्रकार, घाबरला काय?' असंही दोघातिघांनी विचारलं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

आधी फोटो कसले होते ते सांगतो, ज्यांनी बघितले नाहीत त्यांच्यासाठी.

मी भोंगवलीचा. भोर तालुक्याचा हा पूर्वेकडचा, कमी पावसाचा भाग. आमच्याकडे पाण्याची ओरड नवीन नाही. पण मे महिन्यात मी कॅमेरा घेऊन मुद्दाम पश्चिमेला जातो. महामार्गाला लागायचं, कापूरहोळला वळायचं आणि भाटघरच्या कडेकडेने वर जायचं. कारण त्या दिवसांत धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं आणि वर्षभर पाण्याखाली असलेलं कांबऱ्याचं कांबरेश्वर मंदिर उघडं पडतं. पुण्याहून गाड्याच्या गाड्या येतात. ड्रोन उडतात. रील बनतात. 'पाण्यातून वर येणारं मंदिर' म्हणून ते फोटो देशभर फिरतात. फिरू देत. मंदिर खरंच बघण्यासारखं आहे.

फक्त एक गोष्ट त्या फोटोंखाली कुणी लिहीत नाही. मंदिर वर आलं म्हणजे पाणी संपलं.

माझा पहिला फोटो असा होता. आटलेल्या पात्रात चार बाया डवऱ्याभोवती बसल्यात, वाटीवाटीने हंडा भरतायत. फोटो पाठीमागून घेतलाय, चेहरा एकीचाही दिसत नाही. लांब मागे गाड्या उभ्या आहेत आणि पोरं सेल्फी काढतायत. दुसरा फोटो एका म्हाताऱ्या मावशींचा. रस्त्याच्या कडेला रिकामे हंडे ओळीने मांडून टँकरची वाट बघत बसलेल्या. चेहरा अगदी जवळून.

फोटो टाकले आणि दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला. तालुक्यातलेच एक ओळखीचे पुढारी. 'अहो, तुम्ही आपल्याच माणसातले. तालुक्याची बदनामी कशाला करता? आता कुठं पर्यटन वाढायला लागलंय. जरा चांगलं दाखवा की.' त्यानंतर एका कार्यालयातल्या साहेबांचा फोन. त्यांचा सूर जरा वेगळा होता. 'परवानगी घेतली होती का?' त्यांना विचारलं, नदीच्या पात्रातला फोटो काढायला कुणाची परवानगी लागते, नियम सांगा. ते म्हणाले, बघून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

तिसरा फोन मात्र त्या मावशींच्या घरून आला. माझा नंबर त्यांनी कुणाकडून तरी मिळवला होता. मावशी स्वतः बोलल्या. म्हणाल्या, 'दादा, तेवढा माझा फोटो काढून टाक. नातवाचं लग्न जमवायचंय. पोरीकडच्यांनी बघितला तर म्हणतील, ह्यांच्याकडं पोर दिली की तिला हंडंच व्हावं लागत्याल. आधीच कोण पोर देत न्हाई इकडं.' आणि मग हळूच म्हणाल्या, 'फोटो काढून काय पाणी आलंय का कवा?'

मी तो फोटो त्याच मिनिटाला काढला. माफीही मागितली. कारण चूक माझी होती. फोटो घेताना मी त्यांना विचारलं होतं, त्या हसून 'काढ की' म्हणाल्या होत्या. पण तो फोटो हजारो लोक बघणार आहेत, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. हसून 'काढ' म्हणणं आणि जगाला दाखवायला हो म्हणणं यात फरक आहे. एवढी वर्षं या धंद्यात काढून, पत्रकारितेची पदविका भिंतीवर लावून, ही गोष्ट मला एका मावशींनी शिकवली.

पहिला फोटो मात्र ठेवलाय. आणि तो राहणार.

आता मुद्द्यावर येतो. फोटो काढून टाका असं मावशींनीही सांगितलं आणि पुढाऱ्यांनीही. शब्द जवळजवळ सारखेच. पण मावशींना लाज वाटली, जी त्यांना वाटायचं काहीच कारण नव्हतं. आणि ज्यांना लाज वाटायला पाहिजे होती, त्यांना बदनामी वाटली. माझं सगळं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

भाटघरचं आजचं धरण इंग्रजांच्या काळातलं, १९२० च्या दशकात पूर्ण झालेलं. साठवण साडेतेवीस टीएमसीच्या आसपास. खाली वीर धरण, पलीकडे नीरा देवघर, वेल्ह्यात गुंजवणी. या चारही धरणांचं पाणी धरलं तर अठ्ठेचाळीस टीएमसीच्या वर जातं. नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी हे पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत जातं. तिथल्या उसाबद्दल माझी तक्रार नाही, तोही शेतकरीच आहे. पण ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या वेळवंड, भुतोंडे, हिर्डोशी खोऱ्यांतल्या वस्त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. ही म्हण आमच्याकडे म्हण राहिलेली नाही, ती दरवर्षीची बातमी आहे.

मग तालुक्याची बदनामी कशाने होते? डवऱ्याने की डवऱ्याच्या फोटोने?

'चांगलं दाखवा' म्हणणाऱ्यांना सांगतो, चांगलंही मी दाखवतोच. माझी जुनी पोस्ट काढून बघा. इंगवलीजवळचा नेकलेस पॉइंट, पावसाळ्यातला वरंधा, बनेश्वरचं बन, धुक्यातला राजगड, सगळं आहे. भोरच्या राजवाड्यात आणि आसपास कितीतरी चित्रपटांचं शूटिंग झालंय. ते झालं की आम्हालाही बरं वाटतं. निसर्ग आपला आहेच, तो मिरवायलाच पाहिजे. पण तालुका म्हणजे फक्त डोंगर आणि धुकं नाही. डोंगरात माणसं राहतात.

एक प्रसंग सांगतो. भातलावणीचे दिवस होते. बांधावर बाहेरून आलेली चार-पाच पोरं, हातात भारी कॅमेरे. खाचरात बाया प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन लावणी करत होत्या. त्यातला एक म्हणाला, 'काकू, इरलं नाही का? कागद फोटोत चांगला दिसत नाही.' एका काकूंनी खरंच पोराला घरी पिटाळलं आणि माळ्यावरचं जुनं इरलं आणायला लावलं. ते डोक्यावर घेऊन त्या दहा मिनिटं वाकून उभ्या राहिल्या. फोटो निघाले, पोरं गेली. काकूंनी इरलं बांधावर टाकलं आणि परत कागद घेतला.

तो फोटो कुठल्यातरी स्पर्धेत गेला असेल, कदाचित बक्षीसही मिळालं असेल. पण तो खोटा आहे. आणखी पन्नास वर्षांनी कुणी बघितलं तर म्हणेल, तेव्हा भोरमध्ये इरली वापरायचे. आपलं रोजचं जगणं आपण टिपलं नाही तर असंच कुणीतरी त्याला हवं तसं टिपून ठेवेल, आणि तेच खरं ठरेल.

आता 'परवानगी'चा विषय. हा फार गमतीचा आहे.

सरकारचा स्वतःचा फोटोवर केवढा विश्वास आहे बघा. घरकुलाचा हप्ता पाहिजे? पाया, भिंती, छत, प्रत्येक टप्प्याचा फोटो, तोही जागेच्या नोंदीसकट. शौचालयाचं अनुदान? फोटो. रोजगार हमीच्या मजुराची हजेरी? ॲपवर दिवसातून दोनदा फोटो. म्हणजे गरिबाने हक्काचे पैसे मागितले की त्याच्या शब्दावर विश्वास नाही, फोटो आण म्हणतात. आणि त्याच गरिबाने आपल्या वस्तीचा रस्ता, कोरडा नळ, बंद हातपंप फोटोत दाखवला की ती बदनामी! बरं, त्या हजेरीच्या ॲपवर तरी काय चाललं? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जातायत, फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते. हे मी म्हणत नाही, मंत्रालय म्हणतंय. मग कुणाच्या फोटोवर नजर ठेवायला पाहिजे, डवऱ्याच्या की हजेरीच्या?

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण गावातल्या पोरांना उगाच दम दिला जातो. सार्वजनिक जागेतला रस्ता, नदी, बाजार यांचा फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून वर्ध्यात एकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला आणि सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. पोलीस ठाणं नाही, तर गावाचा रस्ता कुठून होणार?

पण मनाई असते तिथे ती पाळायचीच. धरणाच्या भिंतीवर, जिथे पाटी लावलीय तिथे, कॅमेरा बाहेर काढू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापुरते धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील यांवर निर्बंध घातले. त्यात आपला भोरही होता, वेल्हेही होता. तो आदेश बरोबरच होता. जिवापेक्षा फोटो मोठा नाही. आणि बाईमाणसाचा खाजगी क्षणातला फोटो तिच्या मर्जीविना काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घाटावर, ओढ्यावर झूम लावून बसणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. अशांना गावाने हटकलं तर मी गावाच्या बाजूने उभा राहीन.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. 'फोटो काढून काय पाणी आलंय का कवा?'

खरं सांगायचं तर फोटोने पाणी येत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत डोरोथिया लँग या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. जगभर गाजला. फोटो छापून आल्यावर त्या छावणीला सरकारने धान्य पाठवलं. पण ती आई तोवर पोरांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. तिचं नावही लँगबाईंनी लिहून घेतलं नव्हतं. ते जगाला कळलं थेट १९७८ मध्ये, आणि तेव्हा तिची तक्रार हीच होती की या फोटोचा मला काय उपयोग झाला? म्हणजे मावशींचा प्रश्न जुना आहे आणि फोटो काढणाऱ्यांकडे त्याचं पूर्ण उत्तर कधीच नव्हतं.

पण अर्धं उत्तर आहे. आपल्याच महाराष्ट्रातले सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेली माणसं, त्यांची घरं, त्यांचे संसार. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंनी सगळं बदललं असं नाही. पण 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय संपली. फोटोचं काम एवढंच असतं, आणि ते कमी नाही. टँकर आला नाही हे तोंडी सांगितलं तर 'तपासून बघतो' असं उत्तर मिळतं. तारीख-वेळेसकट रिकाम्या हंड्यांची रांग दाखवली की निदान उत्तर बदलावं लागतं.

म्हणून माझी विनंती पुढाऱ्यांना नाही, साहेबांना नाही. आपल्या गावातल्या पोरापोरींना आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वाढदिवसाचे बॅनर आणि गाडीवरचे फोटो काढा, हौस असते, मलाही होती. पण त्यातले दोन फोटो रोजच्या जगण्याचे काढा. वस्तीचा रस्ता पावसाआधी आणि पावसानंतर. नळाला पाणी आलं तो दिवस आणि नाही आलं तो दिवस. बाजाराला आलेली म्हातारी माणसं, एसटीची वाट बघणारी पोरं, चिखलणी, मळणी, यात्रेतली पालखी, शाळेची गळकी खोली. प्रत्येक फोटोखाली गाव, वस्ती, तारीख लिहा. मूळ फोटो जपून ठेवा. माणूस ओळखू येत असेल तर त्याला विचारा, आणि नुसतं 'काढू का?' विचारू नका, कुठे टाकणार तेही सांगा. तो उद्या काढ म्हणाला तर वाद न घालता काढा.

आणि कुणी पदाच्या जोरावर काढ म्हणालं, तर लेखी मागा.

पुढारीसाहेब, तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तुम्ही फोन केलात, मोकळं बोललात, बरं वाटलं. माझी एक साधी ऑफर आहे. त्या वस्तीत टँकर वेळेवर पोचला, किंवा नळ आला, की मला फोन करा. रात्री-अपरात्री करा. भोंगवलीहून गाडी काढून येतो आणि भरलेल्या हंड्यांचा फोटो काढतो. तुम्हाला शेजारी उभं करून काढतो. मावशी हो म्हणाल्या तर त्यांचाही काढतो, नातवासकट.

तोवर डवऱ्याचा फोटो तिथेच राहील.