फोटोचा दर आणि फोटोचा मालक

गारखेडा परिसरात सूतगिरणी चौकापासून शहानूरमियाँ दर्ग्यापर्यंत फेरी मारली, तर कॅमेरा घेऊन धंद्यात उतरलेले आपले तरुण ठिकठिकाणी दिसतात. कोणी घरातल्या पुढच्या खोलीत पडदा लावून बसला आहे, कोणी लहानसा गाळा घेतला आहे, कोणी दुसऱ्याच्या स्टुडिओत रोजाने जातो. हातात कसब आहे, मेहनतीची तयारी आहे. परंतु दोन प्रश्न विचारले की बहुतेकजण गप्प होतात. पहिला, तुमचा दर कशावरून ठरला? दुसरा, तुम्ही काढलेल्या फोटोचा मालक कोण?

पहिल्याचे उत्तर साधारणपणे असे मिळते की शेजारचा पाचशे घेतो म्हणून आम्ही साडेचारशे घेतो. दुसऱ्याचे उत्तर त्याहून ठामपणे मिळते: बटण आम्ही दाबले, म्हणजे फोटो आमचाच. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि नव्या फोटोग्राफरचा धंदा पहिल्या दोन वर्षांत बुडतो तो बहुधा यांच्यापायीच. म्हणून या पानावर आज हा विषय घेतला आहे. शिंपी, सोनार, विणकर, दुकानदार या आमच्या इतर वाचकांनाही तो परका वाटणार नाही.

निगेटिव्ह गेली, पकड गेली

रोलच्या जमान्यात छत्तीस फोटोंचा रोल संपला की तो धुवावा लागे, आणि निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात राही. ग्राहकाला आणखी एक प्रत हवी असली की त्याला त्याच दुकानाची पायरी चढावी लागे. पहिल्या वेळी दर थोडा कमी लावला तरी पुढच्या प्रतींवर तो भरून निघे. निगेटिव्ह म्हणजे फोटोग्राफरची तिजोरीच होती.

आज पेनड्राइव्ह किंवा मोबाइलवरून सगळा माल एका दिवसात ग्राहकाच्या हाती जातो. तो परत येईल ते पुढच्या प्रसंगाला, जुन्या फोटोच्या प्रतीसाठी नव्हे. कमाईचा दुसरा हप्ता असा बंद झाला, पण दर मात्र अजून जुन्या हिशेबानेच लावला जातो. धंद्याचे स्वरूप बदलले की दराचे गणितही बदलायला हवे, हे आपल्या व्यापारी घराण्यांतील पोरांना वेगळे सांगायला नको.

दराचे गणित कागदावर मांडा

सोनाराकडे दागिना घडवायला दिला की सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी लावली जाते. शिंपी कापड ग्राहकाचे घेतो, पण शिलाई सोडत नाही. फोटोग्राफर मात्र कॅमेऱ्याची झीज, जागेचे भाडे आणि स्वतःची मजुरी हे सगळे एकाच आकड्यात कोंबतो, आणि तो आकडाही शेजाऱ्याकडून उसना घेतो.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे ज्याचे त्याने बदलून घ्यावेत, रीत ध्यानात घ्यावी. समजा कॅमेरा, लेन्स, दिवे, संगणक असे सर्व मिळून १,४४,००० रुपये घातले आणि हे सामान चार वर्षे चालेल असे धरले, तर दरमहा झीज ३,००० रुपये. गाळ्याचे भाडे ६,००० रुपये. वीज, फोन, पेट्रोल, दुरुस्ती मिळून ३,००० रुपये. म्हणजे १२,००० रुपये खर्च. त्यावर घर चालवण्यासाठी स्वतःची मजुरी १८,००० रुपये धरा. एकूण ३०,००० रुपये.

आता वेळ मोजा. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. त्यातले निम्मे तास ग्राहकाशी बोलणे, सामान आणणे, पैशांसाठी फेऱ्या मारणे यातच जातात. उरले १०० तास. एका पोर्ट्रेटला फोटो काढण्यात दीड तास, निवड आणि सफाईत तीन तास, देण्याघेण्यात अर्धा तास, असे पाच तास सहज लागतात. म्हणजे महिन्यात वीस कामे. ३०,००० भागिले वीस केले की एका कामाला १,५०० रुपये येतात. छपाई, फ्रेम, अल्बम यांचा खर्च वेगळा.

हेच काम पाचशेला केले तर महिन्याला १०,००० रुपये जमतात आणि खर्च १२,००० रुपयांचा होतो. पोरगा दिवसभर राबतो आणि महिन्याला २,००० रुपये खिशातून घालतो. हे त्याला लगेच कळत नाही, कारण झीज डोळ्यांना दिसत नाही. चौथ्या वर्षी कॅमेरा बंद पडतो आणि नवा घ्यायला गाठीला पैसा नसतो, तेव्हा कळते. घरातच जागा असली म्हणजे भाडे शून्य, असेही समजू नये. उद्या ती खोली घरच्यांना लागली तर गाळा घ्यावाच लागेल.

यावर नव्या मुलांचे म्हणणे आम्हाला माहीत आहे. दीड हजार मागितले तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाईल. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. नाव नसलेल्या माणसाला नाव असलेल्याचा दर मिळत नाही. परंतु त्यावरचा उपाय दर पाडणे हा नसून सवलत दाखवणे हा आहे. बिलावर दर १,५०० लिहा, ‘नवीन दुकानाची सवलत ५००’ असे खाली लिहा आणि १,००० घ्या. सवलतीची शेवटची तारीखही लिहा. पाचशेचा दर एकदा तोंडी पसरला की तो वर्षानुवर्षे हटत नाही. कागदावरची सवलत तारखेला संपते आणि ग्राहकाला खरा दर पहिल्या दिवसापासून माहीत असतो. भावाच्या, मेहुण्याच्या घरचे काम फुकट करायचे असेल तर तेही असेच पूर्ण दर लिहून, खाली ‘भेट’ असे नोंदवून करावे. आपण काय दिले हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक राहते.

दर सांगताना माल मोजून सांगावा. किती तास, सफाई केलेले किती फोटो, किती दिवसांत, जादा फोटोला किती, हे आधीच ठरावे. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना आणि उरलेली फाइल हाती देण्याआधी घ्यावी. निवडीसाठी पाठवायचे फोटो लहान आकाराचे आणि नावाचा शिक्का असलेले असावेत. बिलाबाबत एक सूचना. केवळ सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसताना बिलात तो कर लावून वसूल करता येत नाही.

कायदा काय म्हणतो

आता मालकीचा प्रश्न. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यात फोटो ही कलाकृती मानली आहे आणि फोटो काढणारा हा तिचा कर्ता. कर्ता हाच पहिला मालक, हा सर्वसाधारण नियम. पण कलम १७ मध्ये त्याला अपवाद आहेत, आणि आपल्या मुलांना नेमके तेच माहीत नसतात. कोणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ग्राहक ठरतो.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पैसे घेऊन काढलेले मुलीचे पोर्ट्रेट ग्राहकाला न विचारता दुकानाच्या काचेत लावले किंवा जाहिरातीसाठी मोबाइलवर फिरवले, तर तक्रार करण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. याउलट, बीबी का मकबऱ्याचा किंवा बाजारातील गर्दीचा फोटो स्वतःहून, कोणाच्या सांगण्याशिवाय काढला असेल तर तो फोटोग्राफरच्या मालकीचा. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटो वेगळा करार नसेल तर मालकाचे. लग्नसराईत मोठ्या फोटोग्राफरकडून पैसे घेऊन, त्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्या मुलांनाही वरचाच नियम लागू पडतो. म्हणून ‘या फोटोंतले निवडक मी माझ्या नमुन्यांत दाखवीन’ अशी एक ओळ त्यांनी आधीच लिहून घ्यावी.

दोन गोष्टी मात्र कर्त्याकडेच राहतात. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी हे काम माझे आहे असे सांगण्याचा हक्क कलम ५७ नुसार त्याचाच असतो, आणि काम विकृत करून त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर तो दाद मागू शकतो. मुदतीचेही जाणून घ्यावे. पूर्वी फोटोचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चाले. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम काढले, आणि आता तो कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे हा वारशात जाणारा माल आहे.

कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो तोंडी देता येत नाही, लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. नोंदणी सक्तीची नाही, हक्क फोटो निघताच निर्माण होतो. जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. फाइलमध्ये नोंदवलेले कर्त्याचे किंवा मालकाचे नाव मुद्दाम, अधिकार नसताना पुसणे हाही २०१२ पासून गुन्हा आहे. तेव्हा कॅमेऱ्यात आणि संगणकात आपले नाव भरून ठेवण्याचा आळस करू नये. मूळ फाइल कोणालाही देऊ नये. वाद झालाच तर तोच आपला पुरावा.

एक पान पुरे

आमचा आग्रह एका पानाच्या कराराचा आहे, तोही सोप्या मराठीत किंवा उर्दूत. काम काय, रक्कम किती, फोटो किती, तारीख कोणती, फोटो कुठे दाखवता येतील, आणि दोघांच्या सह्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे हे आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. तरीही कागद पुढे केला की गिऱ्हाईक बिचकेल, अशी भीती घातली जाते. आमचे म्हणणे उलट आहे. ज्या कागदावर ‘ग्राहकाच्या परवानगीविना फोटो कोणालाही दाखवला जाणार नाही’ असे पहिले वाक्य आहे, तो कागद पाहून घरातली वडीलधारी मंडळी निश्चिंत होतील.

घरगुती पोर्ट्रेटच्या बाबतीत मालकीसाठी भांडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तो चेहरा त्या घराचा आहे. फोटोग्राफरने फक्त नमुन्यात दाखवण्याची लेखी परवानगी मागावी, आणि नाही म्हटले तर मुकाट्याने मान्य करावे. धंद्याच्या कामाचे वेगळे. शेरवानीच्या दुकानाची जाहिरात, हिमरूच्या शालींची चित्रे, हॉटेलचा फलक यांसाठी फोटो काढताना कॉपीराइट आपल्याकडे राहील असे करारात लिहावे. दुकानदाराला वापराची परवानगी द्यावी आणि वापराप्रमाणे दर लावावा. एका वर्षाच्या पत्रकाचा दर आणि शहरभर लागणाऱ्या फलकाचा दर एक असू शकत नाही. दुकानदार बांधवांनीही उद्या पस्तावण्यापेक्षा किती दिवस, कुठे वापरणार हे आधीच सांगून घ्यावे. फोटोत माणूस असेल तर त्याचीही संमती घ्यावी.

अमानत

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. परंतु आपल्याकडे ही जाणीव जुनीच आहे. आपला भाग निजामाच्या राज्यात असताना सहाव्या निजामाच्या दरबारचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे तो सोपवला होता. पडदानशीन घराण्यांना भरवसा हवा होता, आणि दीनदयाळ यांनी तो भरवसाच व्यापारात उतरवला. आपल्या मुलींनी हा व्यवसाय शिकावा असे आम्ही म्हणतो ते यामुळेच. निकाहच्या घरात जनानखान्यातील फोटो काढायला स्त्री फोटोग्राफर असेल तर तिला दर पाडण्याची गरज पडू नये.

मुलींनी आपले नाव मात्र सोडू नये. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईत जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात, आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’कडून फोटोमागे एक रुपया मिळे. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. एक रुपयापासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. पण फोटोखाली नाव आपलेच असावे.

वधूचा एक फोटो दुकानातून बाहेर गेला तर कुठलाही करार ते दुकान वाचवू शकणार नाही. म्हणून फोटोच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या जागी, आणि सर्व कुलूपबंद. दुरुस्तीला संगणक देताना त्यातील फोटो आधी काढून घ्यावेत. ठरलेली मुदत संपली की ग्राहकाला कळवून फाइली पुसाव्यात. फोटो हा ग्राहकाने आपल्याकडे ठेवलेला ऐवज आहे.

गारखेड्यातील होतकरू फोटोग्राफरांनी एकदा एकत्र बसून हा हिशेब मांडावा, एक करारनामा तयार करून वकिलाकडून तपासून घ्यावा आणि तो सर्वांनी वापरावा, अशी आमची सूचना आहे. एकट्याने दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी असली, तरी एकमेकांचा दर पाडत राहिल्याने कोणाचीच चूल पेटणार नाही हेही तितकेच खरे आहे. याचा विचार व्हावा.