नागद्वारची वाट

नागपंचमी जवळ आली, की गांधीबागच्या कापडबाजारातही पचमढीच्या गोष्टी सुरू होतात. लेकराबाळांसह घरेच्या घरे नागद्वारला निघतात. १९५६ साली राजधानी नागपुरातून भोपाळला गेली, पचमढी परप्रांतात राहिली. ही वाट मात्र तुटली नाही. सातपुड्याचे चढउतार, लोखंडी शिड्या आणि शेवटी पद्मशेष गुहा! आज हे जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे. वाट वर्षातून मोजकेच दिवस उघडते. बंधने जाचतात खरी. पण वाघाच्या घरी पाहुणे आपण. गुहेत नागदेवतेला हात जोडायचे आणि दाराशी प्लॅस्टिक टाकायचे, ही कसली भक्ती? आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणायचा, एवढा नवस यंदा प्रत्येक घराने बोलावा.