हँग मारणारा कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी

सातारा असो की सांगली, आपल्या शाळांत कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्याला एकच नाव आहे : ‘हँग मारतोय.’ मुख्याध्यापक तेच म्हणतात, क्लार्क तेच म्हणतो, पाचवीतला पोरगाही तेच म्हणतो. मग त्यावर कापड टाकतात आणि नव्यासाठी कुणी देणगीदार मिळतोय का, याची वाट बघतात. मी उर्दू-मराठी शिकवणारा बी.एड. मास्तर, इंजिनिअर नव्हे. तरी असे काही डबे उघडून बघितल्यावर माझं मत झालंय की न तपासता कॉम्प्युटर बाद करणं हा सरळ इसराफ आहे. हा शब्द आपण लग्नातल्या उरलेल्या बिर्याणीसाठी राखून ठेवलाय. शाळेच्या सामानालाही तो लागू होतो.

पुष्कळ शाळांना हे कॉम्प्युटर शासनाच्या आयसीटी योजनेतून मिळाले. कंत्राटदाराने पाच वर्षं सांभाळायचे, नंतर शाळेने ताब्यात घ्यायचे, अशी ती पद्धत होती. ताबा मिळाला, पण सांभाळणारा गेला.

दुरुस्तीचं पहिलं काम स्क्रू काढणं नाही, फाइली दुसरीकडे काढून ठेवणं हे आहे. उर्दू शाळेत तर त्याला पर्यायच नाही. आपल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, गॅदरिंगची निमंत्रणं इनपेजमध्ये आहेत. जुन्या इनपेजची फाइल नुसती पेनड्राइव्हवर घेतली तर दुसऱ्या मशीनवर इनपेजशिवाय उघडत नाही. म्हणून मशीन चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करून घ्या. हार्ड डिस्कचा टकटक आवाज येत असेल तर हे आजच करा. डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर आधी लावू नका. मरणाऱ्या डिस्कला ते जादा धावायला लावतं.

मग एकच प्रश्न विचारायचा : थांबतो तो नेमका कधी?

सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबत असेल आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत चालत असेल, तर बहुतेक वेळा कारण उष्णता. डब्याची बाजू उघडा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली खडूची भुकटी आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर बसलेला दिसेल. वायर काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने तो काढायचा. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. तिची ट्यूब स्वस्तात मिळते.

माउसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, तेव्हा संशय हार्ड डिस्कवर. रॅम कमी असली तरी असंच दिसतं. इथे एसएसडी बसवली की दहा वर्षांचं मशीनही ओळखू येत नाही. माझ्या मते जुन्या कॉम्प्युटरवर पैसा खर्चायची पहिली जागा हीच.

कधीही, काहीही करताना थांबत असेल तर रॅम काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने घासून बघा. हात लावण्याआधी लोखंडी डब्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. कोयनेकडच्या पावसाळी हवेत आणि २०१९ च्या महापुरात ओल धरलेल्या सांगलीच्या खोल्यांत हे दात काळे पडणारच. मोटार सुरू झाली की मशीन गचकत असेल तर एसएमपीएस आणि अर्थिंग बघायला वायरमनला बोलवा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद असतानाही त्यात वीज साठलेली असते.

तारीख दरवेळी मागे जाते आणि पोर्टल उघडत नाही, ही तक्रार वेगळीच. तिथे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा, बस. शिष्यवृत्तीचा फॉर्म एवढ्याशा सेलपायी अडकू शकतो.

आता नवं निमित्त मिळालंय. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि अकरा जुन्या प्रोसेसरवर रीतसर चालत नाही. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. तिथल्या ‘लिटल काइट्स’ मंडळांत मुलं हार्डवेअरही शिकतात. लिनक्समध्ये देवनागरी आणि नस्तालीक दोन्ही युनिकोडमध्ये लिहिता येतात. इनपेजसाठी एक विंडोजचं मशीन इंटरनेटविना ठेवलं की झालं. आठवी-नववीच्या चार मुलींच्या हाती ब्रश आणि स्क्रूड्रायव्हर द्यायला आपल्या शाळांना कुणाची परवानगी लागते, हे मला कळत नाही. मुली म्हणतोय ते मुद्दाम. मुलगे आपणहून पुढे येतात.

काही मशीन खरंच संपलेली असतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून त्यांची टोपी वर आली असेल आणि दुरुस्तीवाला नको म्हणत असेल, तर ओढाताण करू नये. रॅम आणि पंखा दुसऱ्यासाठी काढून ठेवावा. पण हार्ड डिस्क भंगारवाल्याला कधीही देऊ नका. तिच्यात पोरांचे आधार क्रमांक, पालकांची बँक खाती, जातीचे दाखले असतात, आणि डिलीट केलेलं परत काढता येतं. ती फोडूनच द्या.