ऐकत नाही की ऐकू येत नाही?

डाउन सिंड्रोम असलेलं मूल हाकेला वळलं नाही की घरात ठरलेलं वाक्य येतं, ‘ऐकतच नाही, हट्टी आहे.’ शिकलेली मंडळी जरा वेगळं म्हणतात, ‘बुद्धी कमी, बोलणं उशिराच येणार.’ माझ्या भाच्याबद्दल ही दोन्ही वाक्यं मी कोल्हापुरात तीन वर्षं ऐकली. एका डॉक्टरांनीही ‘अशा मुलांचं असंच असतं’ म्हणून विषय संपवला होता. माझं म्हणणं साधं आहे: कान तपासल्याशिवाय यातलं एकही वाक्य कुणी बोलू नये.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की अशा सुमारे ७५ टक्के मुलांना ऐकण्याचा त्रास असतो. कारण बहुतेक वेळा यांत्रिक असतं. कानाची नळी अरुंद, त्यामुळे थोडा मळही ती बंद करतो. घसा आणि मधला कान जोडणारी नळी लहान आणि ढिली, म्हणून पडद्यामागे डिंकासारखा चिकट द्रव साचतो. इतर मुलांचा हा त्रास वाढत्या वयात बहुधा जातो. या मुलांचा अनेकदा मोठेपणीही राहतो. आणि तो सर्दीबरोबर कमी-जास्त होतो. आज ऐकलं, उद्या नाही, म्हणजे ‘मुद्दाम करतो’ असा शिक्का बसलाच. अशा कानाला ‘सात’ आणि ‘आठ’ सारखेच वाटू शकतात. मग अंक येत नाहीत, याचा दोष बुद्धीला.

आमच्या धंद्यात एका बिघाडाच्या मागे दुसरा लपतो, हे रोजचं आहे. मोठं नाव सापडलं की लोक शोध थांबवतात. ‘डाउन’ हे तसंच मोठं नाव.

‘मूल सहकार्य करत नाही’ ही सबबही टिकत नाही. बेरा तपासणी झोपलेल्या मुलावर होते. डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का ते यंत्र बघतं. पडद्यामागे द्रव आहे का, हे टिंपॅनोमेट्री मिनिटभरात सांगते. जन्मल्यावर एकदा तपासून भागत नाही. साधारण चार वर्षांचं होईपर्यंत, प्रत्येक कान वेगळा तपासता येईस्तोवर, दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासायला हवं. द्रव असला तर पडद्यात छोटी नळी बसवतात, पण अरुंद कानात ती बसवणं अवघड आणि ती लवकर गळूनही पडते. म्हणून ब्रिटनच्या २००८च्या सूचनांनी अशा मुलांना बहुधा श्रवणयंत्र द्यायला सांगितलं होतं. हाडातून आवाज पोहोचवणारं यंत्र तर कापडी पट्ट्यानं डोक्याला बांधता येतं, शस्त्रक्रिया लागत नाही.

२०१३च्या फेब्रुवारीत पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम डाउन सिंड्रोम आणि बहिरेपण दोन्ही मोजतो, उपचारही मोफत. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. पण ती अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतात, आपल्या माजघरात नाही. आपली बरीच मुलं ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरातच. त्यात आईला टोमणा, ‘नात्यात लग्न केलंस म्हणून.’ डाउन सिंड्रोम नात्यातल्या लग्नामुळे होत नाही. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त येते, एवढंच. (काही प्रकारच्या जन्मजात बहिरेपणाशी नात्यातल्या लग्नाचा संबंध आहे, तो वेगळा विषय.)

दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळापासून मुस्लिम बोर्डिंग उभं आहे. तिथून जवळच सीपीआर. या दोन ठिकाणांमधलं अंतर आपल्या मोहल्ल्यातली पोरं सहज पुरं करू शकतात. ईदच्या आधी मदत गोळा करणारी, रक्तदान शिबिरं घेणारी हीच पोरं. शिबिराचा मला मात्र फारसा भरवसा नाही: फोटो निघतात, सहा महिन्यांनी कान पुन्हा भरतो. त्यापेक्षा मोहल्ल्यातल्या अशा मुलांची यादी घरच्यांच्या परवानगीनं करा आणि मोबाइलवर सहामाही आठवण लावा. ॲप वगैरे काही नको, हे मी ॲप लिहून पोट भरणारा माणूस म्हणतोय. सकाळी आईसोबत ओपीडीच्या रांगेत एक जण उभा राहिला, तर तिचा अर्धा दिवसाचा रोज वाचतो. आणि आधीच्या तपासणीचा कागद पिशवीत असू द्या, तो नसेल तर डॉक्टरांना कान बिघडला की सुधारला ते कळणार नाही.